सुरुंगाची चाहूल: अहमदनगरचा वेढा व युद्धखेळांतील ध्वनिशोध

अहमदनगरच्या किल्ल्यास मोंगलांनीं १५९५-९६ सालीं जो वेढा घातला त्याचा वृत्तांत आमच्या वाचकांस नवा नाहीं. शहाजादा मुराद व खानखानान अब्दुर्रहीम यांचें सैन्य, आंत चांदबिबीच्या हाताखालचे थोडके लोक, तटाखालीं घातलेले पांच सुरुंग, पडलेलें खिंडार, आणि त्या खिंडारांत हातीं तलवार घेऊन उभी राहिलेली हुसेन निजामशहाची ही कन्या, हें सर्व शालेय पुस्तकांतूनहि येऊन गेलेलें आहे. तथापि या प्रसंगांतील एका प्रश्नाकडे द्यावें तितकें लक्ष दिलें जात नाहीं असें आम्हांस वाटतें. सुरुंग हा जमिनीच्या पोटांत असतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं. मग आंतल्या लोकांस तो कळला कसा? कानानें, कीं दुसऱ्याच्या सांगण्यावरून? आणि ज्या रात्रीं तो कळला त्या रात्रीं कान उपयोगी पडण्याजोगा होता काय?

हा प्रश्न आम्हांस सुचला तो जुन्या कागदांवरून नव्हे. लष्करी शिक्षणासाठीं, व पुढें करमणुकीसाठींहि, जे युद्धखेळ निघाले त्यांत शत्रूचें वाहन दृष्टीस न पडतां केवळ आवाजावरून ओळखण्याचे नियम असतात. त्या नियमांचा विचार करीत असतां १५९६ सालच्या त्या रात्रीची आठवण झाली. हा संबंध ओढून आणलेला आहे असें कोणी म्हणेल. परंतु नगरकरांस तरी तो तसा वाटूं नये. ज्या गांवाच्या तटाखालीं सुरुंग खणले गेले त्याच गांवीं आज भारतीय सैन्याच्या चिलखती दळाचें केंद्र व विद्यालय आहे, १९९४ सालीं स्थापन झालेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे, लष्करी वाहनांच्या संशोधनाची सरकारी संस्था आहे, आणि खारे-कर्जुन्याच्या माळावर रणगाड्यांचा सराव चालतो. शहराचें व जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. किल्ला मात्र अद्यापि लष्कराच्याच ताब्यांत आहे.

प्रथम खेळाचें पाहूं. बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही पक्षांचीं सर्व मोहरीं दोघांसहि सारखींच दिसतात. उंट कोठें दडला आहे हें शोधण्याचें तेथें कारणच नाहीं. खऱ्या युद्धांत असें कधीं होत नाहीं, आणि ही उणीव भरून काढण्याचा पद्धतशीर प्रयत्न प्रशियाच्या सैन्यांतील राइसवित्झ नांवाच्या लेफ्टनंटानें १८२४ सालीं केला. त्यानें १:८००० या प्रमाणाचे नकाशे घेतले, एकेक डाव दोन मिनिटांच्या अवधीचा धरला, आणि दोन्ही खेळाडूंच्या मध्यें एक पंच बसविला. प्रत्येक खेळाडूनें आपला हुकूम पंचास द्यावयाचा. आणि त्याच्या तुकडीस त्या जागेवरून जेवढें कळणें शक्य असेल तेवढेंच पंचानें त्यास कळवावयाचें. पुढें १८७६ सालीं व्हर्डी द्यु व्हर्न्वा या सेनानीनें फासे व कोष्टकें बाजूस सारून सर्व भार पंचाच्या अनुभवावर टाकला. १८९९ च्या सुमारास टेंपल नांवाच्या एका इंग्रजानें हेंच तत्त्व बुद्धिबळास लावून पाहिलें. त्यांत प्रतिपक्षाचीं मोहरीं दिसत नाहींत, पंच सांगेल त्यावरूनच अंदाज बांधावा लागतो. यांतील फाशांचा व नकाशांचा भाग आम्हांस गौण वाटतो. पंच हाच खरा शोध होय. एकाच घटनेचें ज्ञान दोन पक्षांस वेगवेगळ्या मापानें मिळतें, ही गोष्ट त्यानें नियमांत बसविली.

हें माप ठरवितांना दृष्टि व श्रवण यांचा भेद करणें भागच पडलें. विसाव्या शतकांत रणगाडे आल्यावर तर तो अत्यंत महत्त्वाचा झाला; कारण रणगाडा टेकडीआड लपूं शकतो, परंतु त्याचें इंजिन लपूं शकत नाहीं. १९७० नंतर अमेरिकेंत निघालेल्या पुठ्ठ्याच्या सोंगट्यांच्या खेळांत प्रश्नचिन्ह छापलेली सोंगटी आढळते. तिच्याखालीं शत्रू आहे कीं नुसती हूल आहे हें उलटून पाहिल्याखेरीज कळत नाहीं. संगणकावरील खेळांत, उदाहरणार्थ २००० सालीं निघालेल्या कॉम्बॅट मिशन या खेळांत, ऐकूं आलेलें पण न दिसलेलें वाहन एका सामान्य, संदिग्ध खुणेनें दाखविलें जातें. खूण असते तेथेंच वाहन असेल असें नाहीं, आणि तें कोणत्या जातीचें आहे हेंहि खूण सांगत नाहीं.

या नियमांमागें जें पदार्थविज्ञान आहे तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४० मीटर चालतो व अंतराबरोबर क्षीण होतो. परंतु सर्व स्वर सारखे क्षीण होत नाहींत. पट्ट्यांची किरकिर हा उंच स्वर होय. तो हवेंत लौकर विरतो. इंजिनाची घरघर हा खालचा स्वर. तो दूरवर जातो. म्हणून लांबून केवळ घरघर ऐकूं येते, आणि ती रणगाड्याची कीं अवजड मालमोटारीची हें सांगतां येत नाहीं. जवळ आल्यावर पट्ट्यांचा आवाज वेगळा पडतो व तेव्हां कोठें जात कळते. वारा ऐकणाऱ्याकडे वाहत असेल तर आवाज अधिक पोंचतो, उलट असेल तर वर उचलला जातो. निरभ्र रात्रीं जमीन निवते, जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार राहते, आणि त्यामुळें ध्वनि पुन्हा खालीं वळतो. आपल्या देशावर माघ-फाल्गुनांत दूरच्या गांवचें भजन मध्यरात्रीं स्पष्ट ऐकूं येतें त्याचें कारण हेंच. चांगल्या खेळांत या सर्वांचा हिशेब असतो. शिवाय ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या गोंगाटाचाहि असतो. ज्याचें स्वतःचें इंजिन चालू आहे व झांकण मिटलेलें आहे, त्या रणगाड्यांतील माणूस जवळजवळ बहिरा होय.

मराठींत या दोन अवस्थांस दोन नेमके शब्द आहेत. चाहूल *लागते*, कानोसा *घेतात*. चाहूल आपण होऊन येते. कानोशासाठीं थांबावें लागतें, श्वास रोखावा लागतो. रणगाड्याच्या दलालाहि इंजिन बंद करून, डोकें बाहेर काढून कानोसा घ्यावा लागतो, व तेवढा वेळ गति सोडावी लागते. खेळ रचणारांनीं ही किंमत नियमांत आणली हें त्यांच्या समजदारीचें लक्षण होय.

आतां आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा नियम. आवाज वस्तूचा नसतो, क्रियेचा असतो. चालणारें वाहन ऐकूं येतें. उभें असून इंजिन चालू असेल तर कमी ऐकूं येतें. इंजिन बंद करून झाडींत दबा धरून बसलेलें वाहन मुळींच ऐकूं येत नाहीं, आणि तेंच सर्वांत घातक असतें. नवशिक्या खेळाडू नकाशावर ध्वनीची खूण दिसत नाहीं म्हणून तेथें शत्रू नाहीं असें समजतो व पुढें सरकतो. खूण नसणें याचा अर्थ एवढाच कीं, तेथें या क्षणीं कोणी हालचाल करीत नाहीं. त्याचप्रमाणें जुनी खूण ही जुनी बातमी होय. वाहन तेथून केव्हांच निघून गेलेलें असूं शकतें. आणि आवाज खोटाहि असूं शकतो. १९४४ सालीं युरोपांत अमेरिकनांनीं एक स्वतंत्र पथकच उभारलें होतें. तें रबरी रणगाडे फुगवून ठेवी आणि चिलखती दळाच्या हालचालीचे मुद्रित आवाज मोठ्या कर्ण्यांतून रात्रीं शत्रूस ऐकवी. शाहिस्तेखानाच्या पाठलागास चुकविण्यासाठीं बैलांच्या शिंगांस पलिते बांधले अशी जी कथा आपल्याकडे सांगतात तिचें हें ध्वनिरूप म्हणावें.

जमिनीखालील शत्रूचा कानानें शोध घेण्याची विद्या मात्र रणगाड्यांहून फार जुनी आहे. हिरोडोटसानें लिहिलें आहे कीं, इराण्यांनीं बार्का शहरास वेढा घातला असतां एका तांबटानें पितळी ढाल तटाच्या आंतून जमिनीवर ठिकठिकाणीं टेकवून पाहिली. जेथें खालीं खणणें चालू होतें तेथें ढाल घुमली. ही गोष्ट इसवी सनापूर्वीं सुमारें ५१० ची. व्हिट्रुव्हिअसानें टांगलेल्या काशाच्या भांड्यांची हकीकत दिली आहे. चीनमध्यें मोत्झूच्या संप्रदायांतील ग्रंथांत, विहिरींत कातड्यानें तोंड बांधलेले मोठे रांजण ठेवून तीक्ष्ण कानाचीं माणसें त्यांत बसविण्याची युक्ति आहे. १५२२ सालीं र्‍होड्सच्या वेढ्यांत तादिनी या इटालियन स्थापत्यानें ताणलेल्या चामड्यास घुंगरें लावून तुर्कांचे सुरुंग शोधले. पहिल्या महायुद्धांत पारा भरलेल्या दोन डब्या जमिनीवर ठेवून, दोन नळ्यांनीं दोन कानांस जोडून, दोहोंतला आवाज सारखा होईपर्यंत त्या सरकवीत व दिशा होकायंत्रावर वाचीत. मेसिन येथें ७ जून १९१७ रोजीं इंग्रजांनीं १९ सुरुंग एकदम उडविले, त्याआधीं दोन्ही बाजूंचे लोक महिनोगणती एकमेकांच्या कुदळीचा कानोसा घेत बसले होते.

आमच्या ग्रंथसंग्राहक मित्रांस याहून अधिक जवळचा पुरावा कौटिल्याचा वाटेल. शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्रांत, दुर्बळ राजानें काय करावें हें सांगणाऱ्या आबलीयस अधिकरणांत, सुरुंगाची शंका येईल त्या जागीं पाण्याचे घडे किंवा काशाचीं भांडीं ठेवावीं, म्हणजे खणलेलें कळतें, असें सांगितलें आहे. सुरुंग सांपडला कीं त्यासमोर उलट सुरुंग खणावा, मध्यें फोडून त्यांत धूर किंवा पाणी सोडावें. घड्यांतील पाण्यावर उठणारा तरंग हा कानानें न ऐकूं येणारा कंप डोळ्यांस दाखवितो. ही योजना ढालीहून एक पाऊल पुढें आहे. कौटिल्यानें वापरलेला ‘सुरुंगा’ हा शब्द ग्रीक ‘सिरिंक्स’ पासून आला असें कांहीं विद्वानांचें मत आहे, आणि त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ पांवा. तें मत खरें असेल तर ज्या वस्तूचा शोध कानानें घ्यावयाचा तिचें नांवच एका वाद्यावरून पडलें म्हणावयाचें. असो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. फरिश्ता सांगतो कीं, किल्ल्याच्या एका बाजूच्या बुरुजांखालीं मोंगलांनीं पांच सुरुंग नेले. हिजरी १००४ च्या रज्जब महिन्याच्या पहिल्या रात्रीं, म्हणजे जुन्या गणनेनें २० फेब्रुवारी व नव्या गणनेनें १ मार्च १५९६ च्या सुमारास, ते दारूनें भरून, बत्तीची वाट तेवढी ठेवून, दगडचुन्यानें बंद करण्यांत आले. सकाळीं बत्ती द्यावयाची होती. त्याच रात्रीं मोंगल छावणींतील ख्वाजा मुहंमदखान शिराझी, आंतल्या लोकांचें शौर्य पाहून त्यांचा असा घात होऊं नये म्हणून, अंधारांतून तटापाशीं आला व त्यानें सुरुंगांच्या जागा सांगितल्या. चांदबिबीच्या सांगण्यावरून लोकांनीं तत्काळ खणावयास आरंभ केला. उजाडेपर्यंत दोन सुरुंग निकामी झाले. तिसरा, सर्वांत मोठा, सांपडून त्यांतील दारू काढणें चालू होतें तोंच मुरादानें, खानखानानास न विचारतां, बत्ती देवविली. खणणारे कित्येक ठार झाले, तटाचा मोठा भाग कोसळला. पुढचें सर्वश्रुत आहे. हल्ले संध्याकाळपर्यंत मागें हटविले गेले, रात्रींतून खिंडार बांधून काढलें, आणि अखेर वऱ्हाड देऊन तह झाला.

या वृत्तांतांत ध्वनीचा उल्लेख नाहीं, व तो नसणेंच योग्य आहे असें आमचें मत आहे. त्या रात्रीं सुरुंग पुरे झालेले होते. कुदळ थांबलेली होती. दारू भरलेली, तोंड बंद केलेलें. भरलेला सुरुंग म्हणजे इंजिन बंद करून दबा धरून बसलेला रणगाडा होय. कौटिल्याचे घडे त्या रात्रीं तटाखालीं ओळीनें मांडले असते तरी पाणी हाललें नसतें. उलट, आदल्या दिवसांत, खणणें चालू असतां, घडे व कान दोन्ही उपयोगी पडण्याजोगे होते. परंतु दिवसां तोफांचा भडिमार आणि हजारोंच्या छावणीचा गलबला यांत कुदळीचा आवाज वेगळा काढणें सोपें नाहीं. आंतल्यांनींहि खंदकाच्या आंत स्वतः खणकाम काढलें कीं आपलाच आवाज आपल्या कानांवर येतो. चालू इंजिनाच्या रणगाड्यांतील बहिरेपणा तो हाच. म्हणून जे कोणी या प्रसंगाचें चित्र रंगवितांना तटास कान लावून बसलेले पहारेकरी घालतील, त्यांनीं ते त्या शेवटच्या रात्रींच्या आधीं घालावे.

याहूनहि अधिक विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. शत्रूच्या गोटांतून आलेला एक इसम मध्यरात्रीं सांगतो कीं, अमुक अमुक जागीं सुरुंग आहेत. हें खरें कशावरून? चुकीच्या जागीं खणावयास लावून दमलेल्या लोकांस थकवावें, किंवा त्यांस एका बाजूस गुंतवून दुसरीकडून शिडी लावावी, असा डाव असणें अशक्य नव्हतें. ध्वनीची खूण जशी खोटी असूं शकते तशी सांगीहि. चांदबिबीनें येथें जें केलें त्यांत तिचा खरा सेनापतिधर्म दिसतो. तलवार उपसून खिंडारांत उभें राहणें हें चित्रास शोभतें. पण सांगीवर विसंबून न राहतां आणि ती टाकूनहि न देतां, तत्काळ कुदळीनें तिची परीक्षा करणें, यावर किल्ला तगला. पहिला सुरुंग हातास लागला तेव्हां ख्वाजाची बातमी सांगीच्या वर्गांतून प्रत्यक्षाच्या वर्गांत गेली. पांचांपैकीं तीन जागांवर जीं माणसें पोंचलीं तीं एका रात्रींत पोंचलीं, हें ध्यानांत ठेवावें.

चार वर्षांनीं, १६०० सालीं, शहाजादा दानियाल याच किल्ल्यासमोर येऊन बसला तेव्हां याच्या अगदीं उलट घडलें. सुरुंग पुन्हा चालू झाले. किल्ला पुढें लढविणें शक्य नाहीं, अल्पवयी सुलतानाचा जीव व प्रतिष्ठा राखून तह करावा, असा विचार चांदबिबीनें हमीदखानापाशीं बोलून दाखविला. तो बाहेर रस्त्यांत धांवला व बिबी मोंगलांस फितूर झाली असें ओरडत सुटला. जमावानें ती आरोळी ऐकली, आणि महालांत शिरून तिला ठार केलें. त्या आरोळीची परीक्षा कोणीं केली नाहीं. थोड्याच दिवसांत सुरुंगांनीं तट उडाला आणि ऑगस्टांत किल्ला पडला. या वेळीं तटापाशीं कोणी ख्वाजा आला असल्याचें फरिश्ता सांगत नाहीं.

येथें फरिश्त्याच्या साक्षीचेंहि माप घेणें प्राप्त आहे. तो पूर्वीं निजामशाहीच्या पदरीं होता, परंतु १५८९ सालींच विजापुरास गेला. म्हणजे दोन्ही वेढ्यांच्या वेळीं तो नगरांत नव्हता, आणि त्याचा वृत्तांत आमच्या वर्गवारीनें ऐकीवच ठरतो. तो त्याज्य आहे असा याचा अर्थ नव्हे. संदिग्ध खूणहि नकाशावर ठेवावयाचीच असते; फक्त तिच्या जागीं पक्की सोंगटी मांडूं नये. मोंगल पक्षाचा अकबरनामा व निजामशाहीचा बुर्‍हान-इ-मआसिर हे समकालीन ग्रंथ त्याच्याशेजारीं ठेवून, कोणतें वाक्य पाहून लिहिलें, कोणतें ऐकून व कोणतें तर्कानें, असें एकेक तपासावयास पाहिजे. पंच जसें दोन खेळाडूंस वेगळें वेगळें सांगतो, तसे छावणींतून लिहिलेले व तटाआंतून लिहिलेले वृत्तांत वेगळे ठेवावे. त्यांची भेसळ करून एकच सुरस कथा बनविण्याची जी संवय आहे ती आम्हांस मान्य नाहीं. ती बुद्धिबळाच्या पटाची दृष्टि झाली.

मराठी कागदांत याविषयीं शोधण्यास सर्वांत चांगलें क्षेत्र वसईच्या मोहिमेचें. १७३९ सालीं चिमाजीआप्पाच्या सैन्यानें वसईच्या तटाखालीं, सेंट सेबास्तियनच्या बुरुजापाशीं, सुरुंग नेले. येथें खणणारे आपले आणि कानोसा घेणारे फिरंगी. त्या मोर्चांतील पत्रें बरींच छापलेलीं आहेत, परंतु खाजगी दप्तरांत फुटकळ चिटोरीं अद्यापि असूं शकतील. बेलदार, गवंडी व सुरुंग्ये यांच्या मजुरीच्या यादी, दारूच्या पेट्यांचे हिशेब, रात्रपाळीचे हुकूम असे कागद सामान्यतः नीरस म्हणून बाजूस पडतात. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते चाळतांना ‘चाहूल’, ‘कानोसा’, ‘आहट’, ‘खणत्याचा आवाज’ अशा शब्दांवर नजर ठेवावी; तसेंच रात्रीं काम बंद ठेवण्याचा अथवा मुद्दाम नौबत वाजवीत राहण्याचा हुकूम कोठें आढळल्यास त्याची तारीख, जागा व कागद लिहिणाराची बाजू यांसह नक्कल करून घ्यावी. नकलेंत मूळ शब्द जसाच्या तसा ठेवावा. ‘ऐकिलें’ असेल तेथें ‘कळलें’ असें करूं नये.